अभिनेत्री दिग्दर्शिका होते तेव्हा: अपर्णा सेन आणि आपल्याकडच्या मुली

गिरणाकाठ (चाळीसगाव)

आमच्या एकांकिकेच्या गटात एक मुलगी आहे. चांगली नटी. यंदा तिने सांगितलं, "मला काम नको, मला एकांकिका बसवायची आहे." मंडळातल्या एका जाणत्या माणसाने लगेच विचारलं, "का? यंदा भूमिका मिळाली नाही म्हणून?" त्यांच्या मनात वाईट काही नव्हतं. पण हा प्रश्न मला फार लागला. नटीने दिग्दर्शन करायचं म्हटलं की तिचं नटीपण संपत आलं असणार, असं आपण धरूनच चालतो. मुलग्याला कुणी असं विचारत नाही.

म्हणून अपर्णा सेन यांच्याबद्दल लिहिते. आपल्याकडे त्यांना अभिनेत्री कोंकणा सेन शर्माची आई म्हणून ओळखणारेच जास्त, आणि तेही मला बोचतं.

१९६१ साली सत्यजित राय यांनी टागोरांच्या तीन कथांवर 'तीन कन्या' केला. त्यातल्या 'समाप्ती'मध्ये लग्नाच्या रात्री खिडकीतून पळून नदीकाठी झोक्यावर जाऊन बसणारी मृण्मयी म्हणजे अपर्णा. वय पंधराच्या आसपास. पुढे बंगाली व्यावसायिक सिनेमाची त्या आघाडीची नायिका झाल्या. घरात सिनेमा होताच. वडील चिदानंद दासगुप्ता हे समीक्षक, आणि राय यांच्यासोबत १९४७ साली कलकत्ता फिल्म सोसायटी सुरू करणाऱ्यांपैकी एक.

नायिका म्हणून हातात काम असतानाच त्यांनी एक पटकथा लिहायला घेतली. विषय काय? कलकत्त्यात एकटी राहणारी म्हातारी अँग्लो-इंडियन शिक्षिका. लिहून झाल्यावर ती राय यांना दाखवली. राय यांना आवडली आणि निर्माता म्हणून त्यांनी शशी कपूर यांचं नाव सुचवलं. १९८१ साली '३६ चौरंगी लेन' आला. त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार अपर्णा सेन यांना मिळाला, छायाचित्रणाचा अशोक मेहतांना. पहिलाच सिनेमा होता!

आता यातली गोष्ट बघा. व्हायोलेट स्टोनहॅम शाळेत शेक्सपिअर शिकवते. भाऊ वृद्धाश्रमात, घरी एक मांजर. एक जुनी विद्यार्थिनी आणि तिचा मित्र तिला भेटतात, आणि लिखाणाला निवांत जागा हवी असं सांगून दिवसा तिचं घर वापरू लागतात. त्यांना हवा असतो एकांत. बाईंना मात्र वाटतं, घरात माणसं आली. त्या दोघांचं लग्न होतं, स्वतःचं घर होतं आणि बाईंची गरज संपते. नाताळच्या रात्री बाई केक घेऊन त्यांच्या दारी जातात तर आत पार्टी चाललेली, आणि बाईंना बोलावणंच नव्हतं.

मला यात नटीचा हात कुठे दिसतो, तर व्हायोलेट झालेल्या जेनिफर केंडल यांना दिलेल्या वेळात. जिना चढणं, कुलूप काढणं, मांजराशी बोलणं, वह्या तपासणं. गोष्ट पुढे नेणारं यातलं काहीच नाही, तरी कॅमेरा थांबतो. वर्षानुवर्षं 'आता रडा', 'आता वळा' ऐकलेल्या बाईला ठाऊक असतं की माणूस एकटा असताना रडत नाही, कामं उरकत बसतो. आणि मला सगळ्यात मोठी वाटते ती ही गोष्ट, की त्यांनी या सिनेमात स्वतःसाठी भूमिका लिहिली नाही. स्वतःचा चेहरा बाजूला ठेवून साठीतल्या बाईवर सिनेमा केला.

पुढे 'परमा' (१९८५), 'सती' (१९८९), 'युगांत' (१९९५), 'पारमितार एक दिन' (२०००), 'मिस्टर अँड मिसेस अय्यर' (२००२, पुन्हा दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार) आणि त्यानंतरचेही. मधल्या काळात १९८६ पासून २००५ पर्यंत 'सानंदा' या बंगाली पाक्षिकाचं संपादन. २०२१ साली 'द रेपिस्ट'. चाळीस वर्षं दिग्दर्शन!

आपल्याशी थेट नातंही आहे. २०१७ चा त्यांचा 'सोनाटा' महेश एलकुंचवारांच्या नाटकावरून आहे.

तर मला बोलायचंय ते हे, की नटीचं दिग्दर्शनाकडे जाणं ही माघार नाही. ती बढतीही नाही. सेटवर बघून-बघून, सोसून-सोसून तिच्याकडे जे ज्ञान साठलेलं असतं ते वापरायची ती पहिली संधी असते. तुम्हाला काय वाटतं?

---

शिरपूरकर

ताई, लेख मनापासून आवडला. पण खान्देशात हा विषय निघाला आणि आम्हनी स्मिताचं नाव नाही, असं कसं चालेल?

स्मिता पाटील यांचा जन्म पुण्याचा, १७ ऑक्टोबर १९५५, पण घर शिरपूरचं. वडील शिवाजीराव पाटील आमच्या तालुक्याचे. मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या देणारी मुलगी श्याम बेनेगलांनी हेरली, आणि 'भूमिका' (१९७७) व 'चक्र' (१९८०) यांसाठी राष्ट्रीय पुरस्कार तिच्या नावावर लागले. स्वतः फोटो काढायची, कॅमेऱ्याची तिला ओढ होती. १३ डिसेंबर १९८६ ला गेली तेव्हा वय फक्त ३१. अपर्णा सेन यांनी पहिला सिनेमा पस्तिशीत केला. तेवढी वर्षं स्मिताला मिळालीच नाहीत. मला खात्री आहे, ती राहिली असती तर कॅमेऱ्यामागे गेली असती आणि आपल्या मातीतला सिनेमा तिने केला असता.

---

लेवाकन्या (यावल)

शिरपूरकर दादा, स्मितावर माझं तुमच्याइतकंच प्रेम आहे. तरी या वाक्यावर मी थांबते. "ती असती तर दिग्दर्शिका झाली असती" असं आपण म्हणतो तेव्हा नकळत असंही म्हणतो की नुसती नटी राहिली असती तर काहीतरी कमी पडलं असतं. 'उंबरठा'मधली सुलभा महाजन आठवा. महिलाश्रमाचा कारभार हातात घेतल्यानंतर तिच्या चालण्यात, फाइल उघडण्यात जो बदल होत जातो, तो जब्बार पटेलांनी सांगितला असेल किंवा नसेल, केला तिने. तिचं काम पूर्ण आहे. न झालेल्या सिनेमांचं ओझं तिच्यावर का ठेवायचं?

'भूमिका'चं मूळ हंसा वाडकरांचं आत्मकथन. एका नटीने स्वतःचं आयुष्य स्वतः सांगितलं, दुसऱ्या नटीने ते पडद्यावर जगून दाखवलं. दिग्दर्शक बेनेगल असले तरी त्या सिनेमाची गोष्ट या दोघींची आहे, असं मी मानते.

---

शिरपूरकर

लेवाकन्या ताई, पटलं. माझं वाक्य हळहळीतून आलं होतं. शिरपूरमध्ये आजही म्हातारी माणसं तिच्याबद्दल घरातल्या लेकीबद्दल बोलावं तसं बोलतात, त्यामुळे मन तिकडेच जातं.

---

जुना_प्रेक्षक (जळगाव)

गिरणाकाठ, तुमचा मुद्दा चांगला आहे, पण अपर्णा सेन हे उदाहरण सोयीचं आहे. मी दुसरी बाजू मांडतो.

शोभना समर्थ यांनी 'हमारी बेटी' (१९५०) केला, नूतनला पडद्यावर आणण्यासाठी. साधना यांनी 'गीता मेरा नाम' (१९७४) केला. सिमी गरेवाल यांचा 'रुखसत' (१९८८). हेमामालिनी यांनी १९९२ ला 'दिल आशना है' केला आणि पुढचा थेट २०११ ला. बहुतेकींची गाडी एका-दोन सिनेमांवर थांबलेली दिसते. चाळीस वर्षं टिकणारी एखादीच. मग हे 'साठलेलं ज्ञान' बाकीच्यांच्या उपयोगी का पडलं नाही?

---

गिरणाकाठ

काका, प्रश्न रास्त आहे आणि मला तो हवाच होता.

माझ्या मते उत्तर ज्ञानात नाही, दुसऱ्या सिनेमाच्या पैशात आहे. पहिला सिनेमा नटी स्वतःच्या नावावर उभा करते. लोक ओळखतात, सहकलाकार शब्दाखातर येतात, कुणीतरी पैसे घालतो. तो सिनेमा चालला नाही तर पुरुष दिग्दर्शकाला "पुढच्या वेळी बघू" म्हणतात आणि नटीला "हौस फिटली ना?"

जिथे पैसा हातात होता तिथे काय झालं तेही बघा. तेलुगूत विजया निर्मला यांनी ४४ सिनेमे दिग्दर्शित केले, २००२ साली गिनीज बुकात त्यांची नोंद झाली. विजया निर्मलाही मुळात नटीच होत्या. पण घरची निर्मितीसंस्था होती. भानुमती यांचा स्वतःचा भरणी स्टुडिओ होता आणि 'चंडीराणी' (१९५३) त्यांनी तेलुगू, तमिळ, हिंदी अशा तीन भाषांत दिग्दर्शित केला, वर त्यात स्वतः दुहेरी भूमिका केली. आणि ज्यांच्यापासून हे सगळं सुरू होतं त्या फातमा बेगम. उर्दू रंगभूमीवरून सिनेमात आल्या, १९२६ साली स्वतःची कंपनी काढली आणि 'बुलबुल-ए-परिस्तान' दिग्दर्शित केला. भारतातली पहिली स्त्री दिग्दर्शिका ही एक नटी होती. तिची कंपनी तिची होती म्हणून ती दिग्दर्शिका होऊ शकली. त्या सिनेमाची एकही प्रत आज उरलेली नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

---

जुना_प्रेक्षक

मान्य. फातमा बेगम म्हणजे 'आलम आरा'ची नायिका झुबेदा हिची आई, हे मला ठाऊक होतं. त्या दिग्दर्शिका होत्या हे आज कळलं. आईची ओळख मुलीवरून होते, असं तुम्ही वर म्हणालातच.

मराठीतलं एक नाव मी जोडतो. स्मिता तळवलकर. दूरदर्शनवर बातम्या देत, नाटकं-सिनेमे करत, मग निर्मात्या झाल्या. 'कळत नकळत' आणि 'चौकट राजा' यांची निर्मिती त्यांची, दिग्दर्शन दुसऱ्यांचं. त्यानंतर 'सवत माझी लाडकी' (१९९३) स्वतः दिग्दर्शित केला. म्हणजे आधी पैशाची बाजू शिकून घेतली आणि मग खुर्चीत बसल्या. तुमच्या म्हणण्याला हे धरूनच आहे.

---

सातपुड्याची_लेक (शहादा)

सगळे सिनेमाबद्दलच बोलताय, म्हणून मी जरा तमाशाकडे वळवते. सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणापासून फड बघत आले. फड चालवणारी बाई काय काय करते? वग कुठला लावायचा, कोणाला कुठली भूमिका, कुठे लांबवायचं, पब्लिक उठायला लागलं की काय कापायचं, हे सगळं तीच ठरवते. आणि रात्री स्वतः उभीही राहते. कांताबाई सातारकर घ्या. शिवाजी महाराजांची भूमिका करणारी ही बाई, पती तुकाराम खेडकर गेल्यावर स्वतःचा फड उभा केला आणि मुलांना घडवलं. २०२१ ला गेल्या. विठाबाई नारायणगावकरांचंही तसंच. यांना कुणी दिग्दर्शिका म्हटलं नाही, कारण तमाशात ते पद लिहायची पद्धत नव्हती. काम मात्र तेच होतं.

आमच्याकडे सातपुड्यात रोडाली आणि सोंगाड्या पार्टी या लोकनाट्यांत बाईचं सोंग पुरुषच घ्यायचे. म्हणजे बाई कशी चालते, कशी बोलते हे रंगमंचावर ठरवणारा पुरुष, बघणाऱ्या बाया. ते बघून हसू यायचं, पण आम्ही अशा चालत नाही हेही कळायचं. नटी दिग्दर्शन करते तेव्हा हाच हिशोब उलटा होतो, असं मला वाटतं.

---

गिरणाकाठ

सातपुड्याची_लेक, हे वाचून मी थांबलेच. फडमालकिणीचा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता आणि तो अगदी मुद्द्याचा आहे.

याच रांगेत विजया मेहता बसतात. 'रंगायन' या नाट्यसंस्थेपासून रंगभूमीवर दिग्दर्शन, सोबत अभिनय, मग 'स्मृतिचित्रे' आणि 'रावसाहेब', 'पेस्तनजी' हे सिनेमे. 'रावसाहेब'साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो सहायक अभिनेत्रीचा. स्वतः दिग्दर्शित केलेल्या सिनेमात! लक्षात घ्या, त्यांनी कधी अभिनय सोडून दिग्दर्शन धरलं नाही. दोन्ही कायम सोबत चाललं.

---

पांझरा_किनारा (धुळे)

ताई, तुम्हनं लिखेल बठ्ठं वाचं. माले एक इचारनं शे. (पुढचं मराठीत लिहिते, सगळ्यांना कळेल.)

मी अहिराणी व्हिडिओंमध्ये काम करते. सासू-सून, शेजारणी, लग्नातली भांडणं असे विनोदी भाग असतात. आई-बाबांचा विरोध होता, आता नाही. बाजारात लोक ओळखतात, प्रेमाने बोलतात. दिवसाचे पैसे मिळतात. चॅनल ज्याचं, गोष्ट त्याची, दिग्दर्शन त्याचं. गोष्टीतली सून एकतर आळशी नाहीतर भांडकुदळ. मी एकदा म्हटलं, सुनेला सकाळी चारला उठून कापूस वेचायला जायचंय म्हणून ती चिडली आहे, असं दाखवू या. उत्तर मिळालं, "तेवढं कोण बघणार?"

मी एक गोष्ट लिहिली आहे. कानबाईच्या रोटांच्या दिवसाची. (कानबाई ही आपली खान्देशातली देवी, तिच्या सणाला घरोघरी रोट करतात.) घरात सगळे जमलेले, आणि मोठ्या जावेला त्याच दिवशी माहेरी जायचंय. एवढीच. सगळी एका घरात घडते. मला ती करायची आहे. पण कॅमेरा कुठे ठेवायचा ते मला येत नाही. माझ्या घरात कोणी समीक्षक नाही, निर्माता नाही. नटी असून दिग्दर्शिका झालेल्या ज्या मला ठाऊक आहेत, त्यांच्या घरी काही ना काही होतंच. अपर्णा सेन यांचे वडील, रेणुका शहाणेंची आई लेखिका शांता गोखले, कोंकणाची आई, नंदिता दास यांचे वडील चित्रकार. मग माझ्यासारखीने कुठून सुरुवात करायची?

---

लेवाकन्या

तुमची गोष्ट वाचायला आवडेल. खरंच. माहेरी जायचंय पण कानबाई घरात आहे, ही घालमेल आपल्याकडच्या प्रत्येक बाईला कळेल.

घराण्याबद्दल तुमचं म्हणणं खरं आहे, ते झाकू नये. 'रीटा' (२००९) रेणुका शहाणेंनी केला तो आईच्याच कादंबरीवरून. मात्र त्यांचा दुसरा चित्रपट 'त्रिभंग' आला २०२१ ला. बारा वर्षं गेली मध्ये. 'सुरभी'मुळे आणि 'हम आपके हैं कौन'मुळे ज्यांना देशभर घराघरात ओळखतात, त्यांना! म्हणजे घरात लेखन असलं, चेहरा ओळखीचा असला, तरी वाट सोपी होत नाही. मृणाल कुलकर्णींनी २०१३ ला 'प्रेम म्हणजे प्रेम म्हणजे प्रेम असतं' आणि पाठोपाठ २०१४ ला 'रमा माधव' केला, तेव्हा त्यांच्यामागेही मालिकांमधली किती वर्षं होती.

---

भुसावळ_जंक्शन

मी मुंबईत संकलक म्हणून काम करतो, मूळ भुसावळचा. पांझरा ताईंना थोडं कामाचं सांगतो.

कॅमेरा कुठे ठेवायचा हा प्रश्न तुम्हाला वाटतो तेवढा परका नाही. तुम्ही नटी आहात, म्हणजे कॅमेरा जवळ आल्यावर डोळे किती हलवायचे, लांब असताना हात किती वापरायचे हे तुम्हाला अंगाने ठाऊक आहे. मार्कवर, म्हणजे ठरलेल्या खुणेवर थांबणं, समोरच्याच्या नजरेची रेषा सांभाळणं, आधीच्या शॉटमध्ये पदर कुठल्या खांद्यावर होता ते लक्षात ठेवणं हेही येतं. नटीला जे दिसत नाही ते संकलनाच्या टेबलावर असतं. सहा टेकमधला तिसरा का घेतला, कुणाचं वाक्य दुसऱ्याच्या चेहऱ्यावर का टाकलं, चांगला केलेला प्रसंग पूर्ण का काढला. त्या वेळी नटी घरी गेलेली असते. म्हणून माझा एकच आग्रह: ज्या चॅनलवर काम करता, तिथे एडिटिंग चालू असताना बाजूला बसायची परवानगी मागा. काही करू नका, फक्त बघा. तुमचंच काम कसं कापलं जातं ते बघा. दिग्दर्शन निम्मं तिथे कळतं.

मग तुमच्या कानबाईच्या गोष्टीतला एकच प्रसंग घ्या. मोठी जाऊ सासूला विचारते, तेवढाच. आधी सगळा प्रसंग सलग एका शॉटमध्ये मोबाइलवर घ्या. नंतर तोच जावेच्या बाजूने पूर्ण घ्या आणि मग सासूच्या बाजूने पूर्ण घ्या. कॅमेरा दोघींच्या मधल्या रेषेच्या एकाच अंगाला ठेवा, नाहीतर जोडताना दोघी एकाच दिशेला बघतायत असं वाटेल. मोबाइलवरच जोडा. नकार ऐकताना पडद्यावर सासू ठेवायची की जाऊ, हे तुम्हाला ठरवावं लागेल, आणि त्या क्षणी तुम्ही दिग्दर्शन करत असाल.

आवाजाकडे दुर्लक्ष करू नका. आपल्याकडे घरात पंखा, बाहेर डीजे. पंखा बंद करा, माइक तोंडाजवळ ठेवा. चित्र जरा कच्चं असलं तर लोक सोसतात, बोलणं कळलं नाही की बंद करतात.

---

सातपुड्याची_लेक

भुसावळ दादा, हे जपून ठेवते. आमच्या आश्रमशाळेतल्या मुलींना दाखवायला.

---

जुना_प्रेक्षक

पैशाबद्दल कोणी सांगेल का? सरकारचं अनुदान असतं ना मराठी चित्रपटाला?

---

भुसावळ_जंक्शन

असतं काका. समिती सिनेमा बघते, दर्जा ठरवते आणि मग अनुदान मिळतं. म्हणजे आधी सिनेमा पूर्ण करायला हवा. ज्याच्याकडे पहिल्या दिवसाचा पैसा नाही त्याला ती रक्कम दिसतच नाही. केरळमध्ये राज्य चित्रपट विकास महामंडळाने २०१९ पासून स्त्री दिग्दर्शिकांसाठी वेगळी योजना काढली. पटकथा निवडायची आणि दीड कोटीपर्यंतचा खर्च महामंडळाने करायचा. त्यातून 'निषिद्धो', 'डिव्होर्स', 'बी ३२ मुतल ४४ वरे' असे सिनेमे झाले. सगळं सुरळीत चाललं असं नाही, प्रदर्शनाला उशीर वगैरे तक्रारी झाल्या. पण पैसा आधी आला. आपल्या महाराष्ट्रात असं व्हावं अशी माझी मनापासून इच्छा आहे. पहिला भारतीय कथापट ज्या राज्यात झाला, तिथे एवढं तरी व्हावं.

---

शिरपूरकर

मालेगाव आपल्या शेजारचंच. तिथे पैशाशिवाय सिनेमे झाले. पण तिथेही स्थानिक मुली पडद्यावर यायच्या नाहीत, नायिका बाहेरून आणावी लागे. आणि मालेगावच्या त्या मंडळींवर माहितीपट केला तो फैझा अहमद खान यांनी, त्यांच्यावरचा कथापट केला रीमा कागती यांनी. दोघी बायका. या दोघी नट्या नव्हेत हे ठाऊक आहे, तरी सांगावंसं वाटलं.

---

गिरणाकाठ

चांगली आठवण काढलीत, दादा.

पांझरा_किनारा, तुम्ही विचारलं कुठून सुरुवात करायची. भुसावळकरांनी हाताचं सांगितलं, मी डोळ्यांचं सांगते. घरात समीक्षक नसला तरी अपर्णा सेन यांना जे वडिलांकडून मिळालं त्यातलं बरंचसं चार माणसं मिळून कमावता येतं. फिल्म सोसायटी म्हणजे तरी काय? चार जणांनी एक सिनेमा बघायचा आणि त्यावर भांडायचं. पुण्याच्या एफटीआयआय या सिनेमा शिकवणाऱ्या संस्थेचे लघुअभ्यासक्रम २०१७ पासून पुण्याबाहेरही होतात, त्यांच्या संकेतस्थळावर लक्ष ठेवा.

बघायचा क्रमही सांगते, हा माझा स्वतःचा, पटला तर घ्या. आधी 'समाप्ती' बघा, नटी म्हणून. मग लगेच '३६ चौरंगी लेन'. दोन्ही सिनेमांत एकटी बाई कॅमेऱ्यापुढे किती वेळ गप्प असते ते मोजा. त्यानंतर 'परमा'. संसारी बाईचं फोटोग्राफरवर प्रेम बसतं, उघड होतं, घर तिच्याकडे पाठ फिरवतं, आणि शेवटी तिच्यावर उपचार करणाऱ्यांना तिच्याकडून अपराधाची कबुली हवी असते, परमा ती देत नाही. १९८५ सालचा सिनेमा आहे, त्यावर केवढं वादळ उठलं होतं. तुमच्या मोठ्या जावेसाठी मला हाच सिनेमा महत्त्वाचा वाटतो. तिला माहेरी जायचंय याबद्दल तिने माफी मागायची की नाही, हे लिहितानाच ठरवा.

मग 'पारमितार एक दिन'. त्यात सासू स्वतः अपर्णा सेन आहेत. सासू-सुनेच्या मैत्रीची गोष्ट, सून घटस्फोट घेऊन गेल्यानंतरही टिकलेली. तुमच्या व्हिडिओंमधल्या सासू-सुनेच्या शेजारी ही ठेवून बघा. कोंकणाचा 'अ डेथ इन द गंज' सगळ्यात शेवटी. पाहुण्यांनी भरलेल्या एका घरात दुर्लक्षित माणूस कसा दाखवायचा, ते त्यात आहे. कानबाईचं घरही भरलेलंच असतं.

---

पांझरा_किनारा

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. एडिटिंगला बसायचं विचारलं. "बस ना, त्यात काय" म्हणाले. मला वाटलं होतं नाही म्हणतील.

जावेने माफी मागायची नाही, हे ठरलं. पण सासूला वाईट दाखवायचं नाहीये मला. तिचंही माहेर असेल, तिलाही कधी जाऊ दिलं नसेल. ते एका वाक्यात यावं की वाक्य नकोच?

---

लेवाकन्या

वाक्य नको. सासू रोट लाटत असेल तर लाटणं एकदा थांबू दे, बस. तुम्ही नटी आहात, सासू करणाऱ्या बाईंना हे कसं सांगायचं ते तुम्हालाच सगळ्यात चांगलं जमेल.

---

भुसावळ_जंक्शन

आणि ते थांबलेलं लाटणं जवळून वेगळंही घेऊन ठेवा. जोडताना लागेल.

---

गिरणाकाठ

आमच्या गटातल्या त्या मुलीला हा धागा वाचायला दिला. एकांकिका तीच बसवते आहे, मंडळाने मान्य केलं. पांझरा_किनारा, तिला तुमच्याशी बोलायचंय, मी निरोप पाठवते. तिला कानबाईची गोष्ट वाचायची आहे आणि तुमची परवानगी असेल तर रंगमंचावर करून बघायची आहे, सिनेमा व्हायच्या आधी.